कुंपण आणि राखणदार

मुंबईसारख्या शहरांत १९७० च्या सुमारास एक दृश्य वारंवार पाहावयास मिळे. एखादे पापभीरु गृहस्थ, कचेरींत आयुष्यभर कोणाची कवडीहि न घेतलेले, दुकानदाराकडून चार आणे चुकून जास्त आले तर उलट पावलीं परत जाऊन ते देणारे. परंतु लेकीच्या लग्नांत जांवयास द्यावयाचें मनगटी घड्याळ मात्र ते एखाद्या बोळांतून, पावतीवांचून, दबक्या आवाजांत घासाघीस करून आणीत. घड्याळ परदेशी असे. तें जकात चुकवून आलेलें आहे हें विकणाऱ्यास ठाऊक असे, घेणाऱ्यास ठाऊक असे, आणि मांडवांत त्याची वाखाणणी करणाऱ्या पाहुण्यांसहि ठाऊक असे. तरी कोणाच्या मनास टोंचणी लागत नसे. हेच गृहस्थ दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत एखाद्या जकात अधिकाऱ्यास लांच घेतांना पकडल्याची बातमी वाचून ‘देश रसातळास चालला’ असा उद्गार काढीत. मनगटावरचें घड्याळ आणि वर्तमानपत्रांतली ती बातमी हीं एकाच दोरीचीं दोन टोंकें आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत येत नसे. ती दोरी कोणती, तिला पीळ कसा पडतो, आणि तो सोडवितां येतो कीं नाहीं, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हा प्रकार केवळ आपल्याच देशांतला आहे असेंहि नाहीं. स्कॉटलंडचा प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ याचा अनुभव या बाबतींत मोठा बोधप्रद आहे. राष्ट्रांच्या संपत्तीविषयींचा आपला ग्रंथ त्यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केला आणि त्यांत आयातीवरील निर्बंधांवर सडेतोड टीका केली. दैवाचा विनोद असा कीं, पुढें दोनच वर्षांनीं, १७७८ सालीं, त्याचीच स्कॉटलंडच्या जकात मंडळावर आयुक्त म्हणून नेमणूक झाली. कामावर रुजू झाल्यानंतर निषिद्ध मालाची यादी त्यानें लक्षपूर्वक वाचली, तेव्हां त्याला असें आढळून आलें कीं, आपले गळपट्टे, बाह्यांच्या झालरी आणि हातरुमाल यांपैकीं बहुतेक सर्व जिन्नस त्या यादींतलेच आहेत! त्यानें ते जाळून टाकले. १७८० सालीं विल्यम ईडन यांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें ही हकीकत कळविली, आणि आपण आपल्या घरच्या कपड्यांची तपासणी करण्याच्या भरीस पडूं नये, असा मिस्किल सल्लाहि दिला. ग्लासगोच्या विद्यापीठांत नीतिशास्त्र शिकविलेला हा पंडित, पण तोहि नकळत चोरट्या मालाचा गिऱ्हाईक होता. तेव्हां दोष माणसाच्या स्वभावांत कितीहि असला, तरी त्याचा कांहीं भाग कायद्याच्या घडणींत शोधला पाहिजे, हें उघड आहे.

परदेशी मालापासून स्वदेशी धंद्याचें संरक्षण करणें म्हणजे शेताला कुंपण घालणें होय. रोप लहान असतांना गुरें आंत शिरलीं तर तें वाढणार नाहीं. म्हणून कांहीं काळ कुंपण हवें, हा विचार शहाणपणाचाच आहे. आणि तो इतरांस नाकारणारीं राष्ट्रें स्वतः मात्र तो पाळीत आलेलीं आहेत. हिंदुस्थानच्या छापील सुती वस्त्रांची इंग्लंडांत चलती होऊं लागली, तेव्हां तेथील पार्लमेंटनें १७०० सालीं हिंदुस्थान, इराण व चीन येथून येणाऱ्या अशा वस्त्रांच्या वापरास बंदी केली. तेवढ्यानें भागेना म्हणून १७२१ सालीं बहुतेक सर्व छापील सुती कापड अंगावर घालणें हाहि गुन्हा ठरविला. फ्रान्सनें तर १६८६ पासून १७५९ पर्यंत अशी बंदी चालविली. तीं वस्त्रें तरीहि चोरवाटांनीं जातच राहिलीं, हा भाग वेगळा. पुढें त्याच इंग्लंडनें खुल्या व्यापाराचें तत्त्व हिंदुस्थानास शिकविलें, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस झळ लागूं नये म्हणून १८९६ सालीं आपल्या गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन अबकारी कर बसविला. तो दूर होण्यास पुढें जवळजवळ तीस वर्षें लागलीं. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत व्याख्यान देतांना न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धांत या देशाच्या परिस्थितीस जसेच्या तसे लागूं पडत नाहींत. आपल्या देशांत संरक्षणाच्या मागणीचा उगम असा देशभक्तींत आहे, लोभांत नव्हे. ही गोष्ट आरंभींच सांगणें न्यायाचें होईल.

पहिल्या काळांत हें संरक्षण ज्या रीतीनें दिलें गेलें तीहि लक्षांत घेण्यासारखी आहे. मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालीं १९२१ सालीं नेमलेल्या आयोगानें अशी शिफारस केली कीं, संरक्षण सरसकट न देतां पारखून द्यावें. त्या धंद्यास देशांत नैसर्गिक अनुकूलता असावी, साह्याशिवाय त्याची वाढ होण्यासारखी नसावी, आणि शेवटीं तो स्वतःच्या पायांवर उभा राहूं शकेल अशी खात्री असावी, अशा तीन कसोट्या ठरल्या. १९२३ सालीं त्यासाठीं जकात मंडळ स्थापन झालें. धंदेवाल्यांनीं मंडळापुढें यावें, साक्षी द्याव्या, हिशेब दाखवावे, विरुद्ध पक्षानेंहि आपलें म्हणणें मांडावें, आणि नंतर कायदेमंडळानें कायदा करावा, असा शिरस्ता पडला. १९२४ सालीं पोलादास आणि १९३२ सालीं साखरेस याप्रमाणें संरक्षण मिळालें. १९३१-३२ सालीं देशांत साखरेचे आधुनिक कारखाने जेमतेम तीसच्या घरांत होते. पांच वर्षांत त्यांची संख्या सव्वाशेच्या पुढें गेली. गिऱ्हाइकास साखर महाग पडली, हें खरें. परंतु किती महाग पडली हें कायद्याच्या पुस्तकांत कोणासहि वाचतां येत होतें. कुंपण उंच होतें, पण त्याची उंची सर्वांस दिसत होती.

परिस्थिति पालटली ती दुसऱ्या महायुद्धांत. जहाजांत जागा अपुरी, परकीय चलनाची टंचाई, म्हणून १९४० च्या मे महिन्यांत आयातीवर परवान्यांचें नियंत्रण बसविण्यांत आलें. तें युद्धापुरतेंच असावयाचें होतें. परंतु १९४७ सालीं त्याचा स्वतंत्र कायदा झाला, १९५६-५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटूं लागतांच तो अधिक कडक झाला, आणि अखेर १९९२ सालीं नवा कायदा येईपर्यंत तो टिकला. युद्धकाळचा पाहुणा पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ घरांत राहिला. या अवधींत संरक्षणाचें मुख्य साधन जकात हें न राहतां परवाना हें झालें. आणि येथेंच भ्रष्टाचाराशीं त्याचा निकट संबंध जडला.

जकात आणि परवाना यांतील भेद एका साध्या हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, एका यंत्रभागाची परदेशांतली किंमत १०० रुपये आहे. सरकारनें त्यावर शेंकडा २०० जकात बसविली, तर तो येथें ३०० रुपयांस पडेल. गिऱ्हाइकाचे दोनशें रुपये जास्त जातील. परंतु ते सरकारी खजिन्यांत जमा होतील, आणि जो कोणी जकात भरील त्याला तो भाग आणतां येईल. आतां जकातीऐवजीं सरकारनें असें ठरविलें कीं, वर्षाकांठीं असे एक हजारच भाग येऊं द्यावयाचे आणि ते कोणीं आणावयाचे हें परवान्यानें ठरावयाचें. टंचाईमुळें बाजारांतली किंमत चढून पुन्हां तीनशें रुपये झाली असें धरूं. गिऱ्हाइकाचे दोनशें रुपये याहि वेळीं जातीलच. पण ते जातील कोणाकडे? खजिन्याकडे नव्हे, ज्याच्या हातांत परवान्याचा कागद आहे त्याच्याकडे. एक हजार भागांचा हिशेब केला, तर त्या एका कागदाची किंमत दोन लाख रुपये होते. आणि तो कागद कोणास द्यावयाचा हें ठरविणारा मनुष्य महिना कांहींशें रुपयांवर संसार चालविणारा! तळें राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगाच केलेली नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सरकारी द्रव्य गिळंकृत करण्याचे चाळीस प्रकार सांगितलेले आहेत. यावरून मोहाचें स्थान निर्माण केल्यावर काय होतें, हें या देशास दोन हजार वर्षांपूर्वींच ठाऊक होतें असें दिसतें.

हा हिशेब केवळ कल्पनेंतला नव्हे. सरकारी भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठीं १९६२ सालीं के. संतानम यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमण्यांत आली आणि १९६४ सालीं तिचा अहवाल सादर झाला. आयात परवाना त्यावर लिहिलेल्या रकमेच्या शेंकडा १०० पासून ५०० पर्यंत नफा देऊन विकला जातो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे, असें त्या समितीनें नमूद केलें. फाईल अडवून न ठेवतां पुढें सरकविण्यासाठीं जो पैसा द्यावा लागे, त्याचाहि त्या अहवालांत उल्लेख आहे. तेथें मौज अशी होती कीं, देणारा पुष्कळदा बेकायदा असें कांहींच मागत नसे. जें त्याला नियमानें मिळावयाचें तेंच वेळेवर मिळावें, एवढ्यासाठींच तो हात ओले करी. विलंब ही देखील एक विक्रीची वस्तु झाली होती. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ सालीं स्थापन झाला तो याच समितीच्या शिफारशीवरून.

व्यापारावरील निर्बंधांत भ्रष्टाचार शिरावयास तीन दरवाजे असतात, असें म्हणतां येईल. कुंपण कोठें घालावयाचें हें जेथें ठरतें तो पहिला, आंत कोणास सोडावयाचें हें जेथें ठरतें तो दुसरा, आणि प्रत्यक्ष वेशीवरचा, म्हणजे बंदर, विमानतळ व किनारा येथला, तो तिसरा. तिन्हींची रीत निरनिराळी आहे.

दुसऱ्या दरवाजाचा विचार प्रथम करूं. कारण गर्दी तेथेंच अधिक असे. परवाने मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांस मिळत. जे पूर्वींपासून माल आणीत आले ते ‘प्रस्थापित’ आयातदार, आणि जे कारखान्यांत तो माल स्वतः वापरणार ते ‘प्रत्यक्ष वापरणारे’. पहिल्यांना पूर्वींच्या उलाढालीच्या प्रमाणांत हिस्सा मिळे, म्हणजे जुन्या पेढीला नव्या पेढीची भीति उरत नसे. दुसऱ्यांना कारखान्याच्या क्षमतेच्या मानानें हिस्सा मिळे. परिणामीं असलेलीं यंत्रें पुरतीं चालत नसतांहि आणखी यंत्रें बसविणें कित्येकांस फायद्याचें वाटूं लागलें. कारण यंत्र जितकें मोठें तितका परवाना मोठा! कांहींनीं तर यंत्राच्या भानगडींतहि न पडतां कारखाना फक्त कागदावर उभारला, आणि परवाना हातीं येतांच तो चढ्या भावानें विकून टाकला. याशिवाय आणखी एक पायरी असे. मागितलेली वस्तु देशांत तयार होत नाहीं, असा दाखला आणावा लागे. देशांत तसल्या वस्तूचा एखादा जरी उत्पादक असला, तरी त्याचा माल कितीहि निकृष्ट व महाग असो, दाखला मिळणें दुरापास्त होई. शेतास राखण म्हणून घातलेलें कुंपण तें याप्रमाणें एका कुळाची मिरास होऊन बसलें.

ॲन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं १९७४ सालीं या सर्व प्रकाराचें मर्म एका निबंधांत उलगडून दाखविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, नुकसान केवळ लांचेच्या रकमेएवढेंच नसतें. परवान्यांत अनर्जित लाभ आहे असें दिसतांच माणसांची बुद्धि, वेळ आणि भांडवल हीं माल सुधारण्याकडे न वळतां परवाना मिळविण्याकडे वळतात. कारखानदार कारखान्यांत कमी आणि दिल्लींत अधिक राहूं लागतो. हुषार पदवीधर यंत्रशाळेंत न जातां मध्यस्थीचा धंदा पत्करतो. ही सारी धांवपळ राष्ट्राच्या संपत्तींत एका कणाचीहि भर घालीत नाहीं. १९६४ सालच्या हिंदुस्थानांतील अशा अनर्जित लाभांचा अंदाज क्रूगर यांनीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ७.३ इतका केला, आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक वाटा एकट्या आयात परवान्यांचा धरला. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. परंतु तो निम्म्यानें जास्त धरलेला असला तरी उरलेला आकडा लहान नाहीं.

या व्यवस्थेंत सर्वांत अधिक कोण भरडला गेला असेल, तर तो लांच न देणारा व्यापारी. त्याचा परवाना उशिरा येई. तोंवर कच्चा माल संपे. कामगार बसून राहत. आणि शेजारचा, ज्यानें ‘सोय’ करून घेतली तो, बाजार काबीज करी. सचोटीवर असा दंड बसूं लागला म्हणजे सचोटीचीं माणसें एक तर धंदा सोडतात, नाहीं तर सचोटी सोडतात. त्यांची मोजदाद कोणत्याहि अहवालांत नसते. राष्ट्राचें खरें नुकसान तेथें होतें.

आतां पहिला दरवाजा, म्हणजे धोरण ठरविणाऱ्यांचा. चक्रवर्ति राजगोपालाचारी यांनीं १९५९ सालीं स्वतंत्र पक्ष स्थापन केला, तेव्हां परमिट-लायसेन्सांचें राज्य असें या पद्धतीचें वर्णन करून त्यांनीं तिच्यावर हल्ला चढविला. ज्याच्या हातीं परवाना त्याच्या दारीं लक्ष्मी, अशी स्थिति झाली कीं राजकीय पक्षांना निवडणुकीचा पैसा कोठून मिळवावा हा प्रश्न पडत नाहीं. १९७४ सालीं लोकसभेंत गाजलेलें एक प्रकरण या दृष्टीनें बोलकें आहे. पाँडेचरी व माहे येथील कांहीं व्यापाऱ्यांना आयात परवाने द्यावे, अशा अर्जावर एकवीस खासदारांच्या सह्या होत्या. त्यांपैकीं बहुतेकांनीं त्या सह्या आपल्या नव्हेतच असें सांगितलें. सह्या खऱ्या कोणत्या व खोट्या कोणत्या, हा प्रश्न न्यायालयाचा. परंतु चार व्यापाऱ्यांच्या परवान्यासाठीं लोकप्रतिनिधींच्या सह्यांना किंमत यावी, हीच गोष्ट त्या व्यवस्थेवर पुरेशी टीका आहे.

येथें कार्यकारणाचा प्रवाह उलटाहि वाहतो, हें विसरतां कामा नये. निर्बंधांतून लांच जन्मते, तशी लांचेंतून निर्बंधांचीहि वाढ होते. ज्याला कुंपणामुळें लाभ होतो तो कुंपण कधींहि निघूं नये यासाठीं खर्च करावयास तयार असतो. गिऱ्हाईक मात्र कोट्यवधि आणि विखुरलेलें. प्रत्येकाचें नुकसान दोन-चार रुपयांचें. तो कशाला दिल्लीस जाऊन भांडेल? म्हणून बाल्यावस्थेंतला धंदा म्हणून जो एकदां पाळण्यांत घातला, तो मिशा फुटल्या तरी पाळणा सोडीत नाहीं.

तिसरा दरवाजा वेशीवरचा. येथें नियम साधा आहे. आंतली किंमत आणि बाहेरची किंमत यांत जितकें अंतर, तितकी चोरट्या आयातीची मजुरी. सोन्याचें उदाहरण घ्या. १९४७ पासून सोन्याची आयात जवळजवळ बंदच होती. जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी होऊन चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली, आणि १९६८ सालीं त्याचा कायदा झाला. हेतु परकीय चलन वांचविण्याचा होता. परिणाम असा झाला कीं, पिढीजात सोनारांच्या चुली थंडावल्या, मंगळसूत्र मात्र घरोघर लागतच राहिलें, आणि दुबईहून होड्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिल्या. होडी किनाऱ्यास लागावयाची तर किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यानें त्या रात्रीं दुसरीकडे पाहिलें पाहिजे. असें दुसरीकडे पाहण्याचा एक ठरलेला भाव झाला. लोकांनाहि त्यांत विशेष पाप वाटत नसे. कारण येणारा जिन्नस म्हणजे सोनें, चांदी, घड्याळें. त्यांनीं कोणाचें काय वांकडें होतें?

त्याचें उत्तर १९९३ सालीं मिळालें. त्या वर्षाच्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत रायगड जिल्ह्यांतील दिघी व शेखाडी येथें शस्त्रें आणि स्फोटकें उतरविण्यांत आलीं. तीं ज्या वाटेनें आंत गेलीं ती वाट नवी नव्हती. चांदीच्या चोरट्या व्यापारानें ती आधींच मळलेली होती. जकात खात्यांतील व पोलिसांतील कांहीं माणसांनीं नेहमींप्रमाणें पैसे घेतले आणि माल जाऊं दिला. एका तुकडीनें तर अडविलेला माल सोडतांना, ठरलेली रक्कम पुरती मिळेपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत लागोपाठ स्फोट झाले आणि २५७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. खास न्यायालयानें २००६ सालीं ज्यांना दोषी ठरविलें त्यांत जकात खात्याचे व पोलीस खात्याचे लोकहि होते. मालाकडे न पाहतां पैशाकडे पाहावयाची संवय एकदां जडली कीं, पेटींत चांदी आहे कीं दारू आहे हा भेद राहत नाहीं. वर्षानुवर्षें क्षुल्लक मानलेल्या लांचेची किंमत शहरानें एका दुपारीं चुकविली.

१९९१ सालीं परकीय चलनाचें संकट कोसळलें आणि धोरणाला नवें वळण मिळालें. तोंपर्यंत जकातीचे कांहीं दर शेंकडा तीनशेंच्याहि वर चढलेले होते. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांतील अंदाजपत्रकानें कमाल दर शेंकडा १५० वर आणला. पुढें टप्प्याटप्प्यानें तो उतरत २००७ सालीं शेतमाल व कांहीं अपवाद वगळतां शेंकडा १० वर आला. यंत्रें व कच्चा माल यांचे परवाने बहुतांशीं गेले, आणि १ एप्रिल २००१ रोजीं उपभोग्य वस्तूंवरील उरलेले संख्यात्मक निर्बंधहि उठले. १९९० सालीं सुवर्णनियंत्रणाचा कायदा रद्द झाला आणि १९९२ पासून सोनें जकात भरून उघडपणें आणतां येऊं लागलें. तेव्हांपासून बोळांतल्या घड्याळांचा व्यापार बसला आणि सोन्याच्या चोरट्या आयातीस ओहोटी लागली. कोणीं प्रवचन केलें म्हणून ही सुधारणा झाली नाहीं. किंमतीतलें अंतर कमी झालें म्हणून झाली. याचा व्यत्यासहि पाहावयास मिळाला. ऑगस्ट २०१३ मध्यें सोन्यावरील जकात शेंकडा १० वर नेतांच विमानतळांवर पकडलेल्या सोन्याच्या बातम्या पुन्हां वाढल्या; पुढें ती १५ पर्यंत चढली, आणि जुलै २०२४ मध्यें ती ६ वर आणतांना चोरट्या आयातीस आळा घालणें हाहि एक विचार पुढें होता.

परदेशांतील संशोधनहि याच निष्कर्षाकडे बोट दाखवितें. रेमंड फिस्मन व शांग-जिन वेई यांनीं २००४ सालीं एक युक्ति योजिली. हाँगकाँगनें चीनला अमुक माल पाठविल्याची नोंद आणि चीननें तोच माल मिळाल्याची केलेली नोंद, यांची त्यांनीं तुलना केली. जेथें कर जास्त तेथें वाटेंत ‘हरवलेला’ मालहि जास्त. कराच्या दरांत शेंकडा एकाची भर पडली कीं चुकवेगिरी सुमारें तीन टक्क्यांनीं वाढते, असें त्यांना आढळलें. आणि महाग कराचा माल पुष्कळदा स्वस्त कराच्या नांवानें दाखल होतो हेंहि दिसून आलें. अल्बर्टो एडस व राफाएल डी टेला यांनीं १९९९ सालीं अनेक देशांची तुलना करून असें दाखविलें कीं, ज्या देशांतील धंद्यांस परकीय स्पर्धेची झळ लागत नाहीं तेथें भ्रष्टाचाराचें प्रमाण सामान्यतः अधिक असतें.

मग संरक्षण हेंच मूळ पाप मानावयाचें काय? तसें म्हणणें घाईचें होईल. १९९१ नंतर आपल्या देशांतून लांचलुचपत नाहींशी झाली असें कोणीहि म्हणणार नाहीं. खाणी, जमिनी, सरकारी ठेके, जेथें जेथें मोलाची वस्तु कोणा एकाच्या मर्जीवर वांटली जाते तेथें तेथें ती नव्यानें रुजली. तेव्हां खरें बीज कुंपणांत नसून मर्जींत आहे. दक्षिण कोरियानें १९६० नंतरच्या दशकांत परदेशी मालावर कडक निर्बंध ठेवले. तेथें भ्रष्टाचार नव्हता असें नाहीं, परंतु आयातीची सवलत बऱ्याच अंशीं निर्यातीशीं जोडलेली होती. परदेशच्या बाजारांत किती माल विकला, हें मोजमाप ओळखीनें वाढवितां येत नाहीं. उलट अमेरिकेसारख्या सुधारलेल्या राष्ट्रानें २०१८ सालीं चिनी मालावर जकात बसविली आणि अर्ज करणाऱ्यांस सूट देण्याची सोय ठेवली, तेव्हां सत्तारूढ पक्षाला देणग्या देणाऱ्या कंपन्यांच्या अर्जांना अधिक यश आल्याचें तेथील अभ्यासकांस दिसून आलें. म्हणजे देश कोणता हा प्रश्न गौण आहे. दाराची रचना कशी, हा प्रश्न मुख्य आहे.

या सर्व विवेचनाचें तात्पर्य असें. संरक्षण द्यावयाचेंच असेल तर तें जकातीच्या रूपानें द्यावें. परवान्याच्या रूपानें शक्य तों देऊं नये. दर थोडे आणि सरळ असावे. एकाच जातीच्या वस्तूंना दहा दर असले म्हणजे वस्तूचें नांव बदलणें हाच एक धंदा होतो. सूट द्यावयाची ती सर्वांस सारखी, आणि तिचीं कारणें छापून द्यावीं. मुदत आरंभींच ठरवावी, आणि ती वाढवावयाची झाल्यास १९२३ च्या मंडळाप्रमाणें उघड्या दालनांत, विरुद्ध पक्षाच्या समक्ष चौकशी व्हावी. अधिकारी आणि व्यापारी यांची गांठ जितकी कमी पडेल तितकें बरें; २०२० सालापासून आपल्या जकात खात्यानें एका बंदरावरील मालाच्या कागदपत्रांची तपासणी दुसऱ्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे सोंपविण्याची जी पद्धत देशभर सुरू केली, ती याच दिशेची आहे. आणि दर ठरवितांना एवढा विवेक ठेवावा कीं, जो दर वसूल करण्यासाठीं किनाऱ्यावरच्या प्रत्येक शिपायानें साधुपुरुष असावें लागतें, तो दर कागदावर कितीहि देशहिताचा दिसला तरी व्यवहारांत देशास घातक होय.

लग्नांतल्या त्या घड्याळाकडे शेवटीं पुन्हां वळूं. तसलें घड्याळ आज पेढीवर पावतीसह मिळतें, आणि तें घेणाऱ्या गृहस्थास आवाज दबका करावा लागत नाहीं. तो आपल्या वडिलांहून अधिक नीतिमान झाला असें नव्हे. त्याच्या वडिलांना जी लहानशी लबाडी करावी लागे, ती कायद्यानें त्याच्याकडून मागणें सोडलें, एवढेंच. कुंपण शेत खातें असें आपण म्हणतों. पण तें कुंपण घालणारे, राखणारे आणि रात्रीं फटींतून आंतबाहेर करणारे, सारे एकाच गांवचे असतात.